बाटलीतला कागद आणि बांधावरचा वाचक

(पीकसंरक्षणाच्या जुन्या-नव्या सरकारी प्रकाशनांविषयी नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

ऑगस्ट महिन्यात पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली की मराठवाड्यातल्या बाजारगावांत एक दृश्य हमखास दिसते. किनवट-भोकरकडचा शेतकरी कपाशीचे, नाहीतर औसा-निलंग्याकडचा शेतकरी सोयाबीनचे किडीने खाल्लेले पान खिशात घालून येतो आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ठेवतो. दुकानदार त्या पानाकडे क्षणभर पाहतो आणि मागच्या मांडणीतून एक बाटली पुढे सरकवतो. अनेकदा एकीला दुसरी जोडही मिळते. संध्याकाळी पाठीवर पंप चढतो. बाटलीच्या खोक्यातून घडी घातलेला एक कागद गळून बांधावर पडतो आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात जातो.

तो कागद बारीक अक्षरांत अनेक भाषांत छापलेला असतो. औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती पाण्यात घालावे, विषबाधेची लक्षणे कोणती, प्रथमोपचार काय, हे सारे त्यात असते. १९६८चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालील १९७१चे नियम यांनी हा कागद बंधनकारक केला आहे. म्हणजे कंपनीने छापला तरी तो शासनाच्या आज्ञेनेच छापलेला असतो. शेतकऱ्याला किडीविषयी काही लिखित सांगावे, या प्रयत्नाला या देशात शंभरहून अधिक वर्षे झाली. त्या परंपरेचा सर्वांत अलीकडचा वारस बांधावर पडलेला हा चिटोरा आहे. त्याच्या आधी काय काय छापले गेले, आणि ते मराठवाड्याच्या बांधापर्यंत का पोहोचले नाही, हे पाहण्यासारखे आहे.

पहिले पुस्तक

१८८९ साली ब्रिटिश सरकारने जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाला हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास पाठविले. येथल्या अडाणी शेतकऱ्याला सुधारण्याचे उपाय तो सुचवील, अशी अपेक्षा होती. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याने लिहिले ते वेगळेच. येथला शेतकरी कौशल्यात सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसही आहे. त्याच्यापाशी उणीव आहे ती साधनांची. परक्या राजवटीच्या दप्तरात ही नोंद आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

पुढे १९०५ साली बिहारमधील पुसा येथे कृषिसंशोधन संस्था उभी राहिली. तेथील कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय याने १९०६ साली हिंदुस्थानातील पिकांच्या किडींवर एक पुस्तक लिहिले आणि कलकत्त्याच्या सरकारी छापखान्याने ते प्रसिद्ध केले. त्यानंतर तीनच वर्षांत त्याचा भारतीय कीटकजीवनावरील मोठा ग्रंथही निघाला. हे लेखन आज उघडून पाहिले तर प्रथम जाणवते ते असे, की त्यात किडीचे चरित्र आधी येते आणि औषध मागाहून. अंडी कोठे घातली जातात, अळी किती दिवस खाते, कोष जमिनीत होतो की पाल्यात, पीक नसताना ही कीड कशावर जगते, हे सारे कळल्यावर मगच उपाय. उपायही बहुतेक शेतकऱ्याच्या घरातले: नांगरट करून कोष उन्हावर आणणे, अंडीपुंज हाताने वेचणे, पिकाची फेरपालट करणे, ठिपक्यांच्या बोंडअळीला भुलविण्यासाठी कपाशीत भेंडी लावून ती वेळेवर उपटणे. फवारणी होती, पण ती रॉकेल आणि साबणाच्या मिश्रणाची. शिशाच्या संयुगांसारखी जहाल विषेही लेफ्रॉयला ठाऊक होती व त्यांचे प्रयोगही त्याने केले होते. मात्र त्याच्या पुस्तकात त्यांचा क्रमांक शेवटी लागतो.

या माणसाचा शेवट चटका लावणारा आहे. मायदेशी परतून तो लंडनमध्ये प्राध्यापक झाला. १९२५च्या ऑक्टोबरात प्रयोगशाळेत माश्या मारण्याच्या विषारी वायूचा प्रयोग करीत असता त्याच वायूने तो बेशुद्ध पडला आणि काही दिवसांतच मरण पावला.

काणीची गोष्ट

सरकारी पुस्तिका कधीच उपयोगी पडल्या नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्वारीवरील काणीचे उदाहरण घ्यावे. कणीस बाहेर पडले की दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली दिसे. शेतकरी पावसाला दोष देई, नजर लागली म्हणे, नाहीतर देवाचा कोप म्हणून हात जोडी. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात काम करणाऱ्या जी. एस. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातील ज्वारीच्या काणीवर अभ्यास केला आणि पुसा संस्थेने १९१८ साली तो पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. रोग दिसतो कणसात, पण त्याचे मूळ खळ्यावर असते. मळणीच्या वेळी काणीची भुकटी चांगल्या दाण्याला चिकटते, तोच दाणा पुढच्या वर्षी बियाणे होतो, आणि रोप उगवतानाच रोग आत शिरतो. म्हणजे कणीस काळे दिसल्यावर शेतात करण्यासारखे काही उरतच नाही. उपाय पेरणीपूर्वी, बियाण्यावर.

आधी मोरचुदाच्या पाण्यात बी बुडवून सुकविण्याची शिफारस झाली. ती खटाटोपाची होती. पेरणीची घाई असताना बी भिजवून वाळवीत कोण बसणार? जास्त वेळ बुडाले तर उगवणीलाही बाधा. पुढे १९३०च्या सुमारास डॉ. उप्पल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक गंधकाची पूड बियाण्याला नुसती चोळण्याचा उपाय पारखून दाखविला. तो सोपा होता, स्वस्त होता, कोरडा होता. आजही किलोभर बियाण्याला चार ग्रॅम गंधक हे वाक्य ज्वारीच्या प्रत्येक पुस्तिकेत असते. तेव्हा लिखित सल्ला टिकतो कसा, तर तो शेतकऱ्याच्या कामाच्या क्रमात बसला म्हणजे. मोरचूद बसला नाही, गंधक बसले. कोणा व्याख्यात्याला खेडुतांच्या अज्ञानावर बोलण्याचा मोह झालाच, तर त्याने या दोन शिफारशींतला फरक आधी ध्यानात घ्यावा.

सीमेअलीकडचा शेतकरी

ही सारी हकीकत मुंबई इलाख्याची. सोलापूर, नगरपर्यंत पुण्याच्या कृषिखात्याची मराठी पत्रके जात. पण नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. लातूर तर स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी, तत्कालीन उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिवमधून. हैदराबाद संस्थानाने शेतीसंशोधन केले नाही, असे नव्हे. परभणीला १९१८ साली प्रायोगिक शेत सुरू झाले. त्याच जमिनीवर पुढे १९७२ साली कृषी विद्यापीठ उभे राहिले. नांदेड परिसराची गावरानी कापूस ही जात तर देशी कापसांत तलम धाग्यासाठी नावाजलेली होती, आणि देशी कपाशी असल्याने तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना ती सहसा दाद देत नसे.

पण राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, विद्यापीठाची भाषा उर्दू होती आणि शास्त्राची भाषा इंग्रजी. गोदाकाठचा मराठी कुणबी या दोन्हींच्या बाहेर उभा होता. प्रजेच्या घामावर चाललेले सरकार प्रजेच्या भाषेत बोलत नाही, तेव्हा त्याच्या चांगल्या कामालाही कुलूप लागते. सोलापूरकडचा शेतकरी जे मराठीत ऐकत होता, ते भीमा-सीनेच्या अलीकडे येईपर्यंत पिढी उलटली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, त्या मुक्तीची गणना रझाकारांच्या अत्याचारांपुरती करणे अपुरे आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या भाषेत ज्ञान मागण्याचा अधिकार मिळाला, हाही त्या मुक्तीचा भाग होता. परभणीचे विद्यापीठ रब्बी मेळावा नेमका १७ सप्टेंबरलाच भरविते, त्यात हे औचित्य आहे.

पुस्तिकेतला क्रम उलटला

दुर्दैव असे, की मराठी पुस्तिका या भागात रुळू लागल्या, त्याच सुमारास पुस्तिकेचा आशयच बदलला. १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे बीएचसीचा कारखाना सुरू झाला, १९५४ साली दिल्लीत डीडीटीचा. देशाला धान्य हवे होते. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत शासनाची घाई समजण्यासारखी आहे. पण लेफ्रॉयच्या काळी शेवटी येणारे विष आता पहिल्या परिच्छेदात आले. किडीचे चरित्र आक्रसत गेले आणि पुस्तिकेचे तक्ते झाले: एका रकान्यात किडीचे नाव, दुसऱ्यात औषध, तिसऱ्यात प्रमाण. दहा टक्के बीएचसी भुकटी धुरळा, हे वाक्य एका पिढीला पाठ झाले. घरोघरी ती भुकटी धान्याच्या कणगीपर्यंत पोहोचली.

तक्त्याने आणखी एक घोटाळा केला. हरभऱ्यावर जिला घाटेअळी म्हणतात, तुरीवर जिला शेंगा पोखरणारी अळी म्हणतात आणि कपाशीवर जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, ती एकच अळी आहे. त्यातही अमेरिकन हे विशेषण निराधारच; ती जुन्या जगातली, येथलीच रहिवासी. मात्र पीकवार तक्त्यात तिला तीन नावे मिळाली. कपाशीतून ती तुरीत आणि तुरीतून हरभऱ्यात जाते हे ज्याला कळले, तो तीन पिकांचा एकत्र विचार करील. ज्याच्यासमोर तीन तक्ते आहेत, तो तीन वेळा औषध आणील, बहुधा एकच.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन या विषाचा स्पर्श झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्या धक्क्यातून दहा वर्षांनी कीटकनाशक कायदा आला. १९८०च्या सुमारास नवी पायरेथ्रॉइड औषधे आली. १९८७ साली आंध्रातील गुंटूर-प्रकाशम भागात बोंडअळी त्या औषधांना जुमानेना, आणि कर्जात बुडालेल्या कापूस उत्पादकांनी आत्महत्या केल्या. देगलूर-बिलोलीच्या सीमेला लागून असलेल्या राज्यातली ही घटना; मराठवाड्याने तिच्यातून वेळीच धडा घेतला, असे म्हणता येत नाही. शेतीतला डीडीटी १९८९ साली थांबला, बीएचसी १९९७ साली, एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ साली. ज्या पुस्तिकांनी त्यांची शिफारस केली, त्या मात्र तालुक्याच्या कपाटांत तशाच राहिल्या. शासन औषध मागे घेते, छापलेले वाक्य मागे घेत नाही.

आष्टा

याच नांदेड जिल्ह्यात एक वेगळा प्रयोग झाला, आणि तो जिल्ह्यापेक्षा बाहेर अधिक प्रसिद्ध आहे. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचे राष्ट्रीय केंद्र १९८८ साली स्थापन झाले. त्याच्या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस आष्टा हे गाव निवडले आणि प्रयोगशाळेत बसण्याऐवजी गावाच्याच कपाशीत उभे राहून काम केले. एकट्या-दुकट्याच्या शेतावर हे जमत नाही, कारण पतंगाला बांध ठाऊक नसतो. म्हणून गाव हे एकक मानले.

काय केले तेथे? बियाण्याला पेरणीपूर्वी प्रक्रिया, म्हणजे पहिल्या दीड-दोन महिन्यांत रसशोषक किडींसाठी पंप उचलण्याची गरज कमी. शेतात पक्ष्यांना बसायला जागा. बोंडअळीच्या अंड्यांवर जगणारी ट्रायकोग्रामा ही बारीक गांधीलमाशी सोडणे, अळीला रोग लावणारा विषाणू फवारणे, आणि पाच टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पाणी करायचे. निंबोळी प्रत्येक गावात पावसाळ्याच्या तोंडाशी पायदळी तुडवली जाते. ती गोळा करायची वेळ जूनची आणि लागायची वेळ ऑगस्टची, एवढे नियोजन तेवढे हवे. रासायनिक औषध वर्ज्य नव्हते. आठवड्याला किडी मोजायच्या आणि नुकसानीची पातळी ओलांडली तरच वापरायचे.

आष्ट्याचे वैशिष्ट्य असे, की यात लेफ्रॉयच्या पुस्तकाचा क्रम परत आला: आधी कीड पाहणे, मग उपाय. नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राने दिलेला एनएचएच ४४ हा संकरित वाण, ज्याला शेतकरी 'नांदेड ४४' म्हणून ओळखत, त्या काळी या भागात घरोघरी होता. वाण गावचा, निंबोळी गावची, मोजणारे हात गावचे.

२००२च्या मार्चमध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. नांदेड जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या सहभागाने बीटी कपाशी व एकात्मिक व्यवस्थापन यांची एकत्र चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली 'करंट सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते उत्साहवर्धक होते, पण त्यात बीटी आणि व्यवस्थापन ही जोडी होती. बाजाराने जोडीतले एक उचलले आणि दुसरे सोडून दिले. बियाण्याच्या पाकिटावर सारा भरवसा टाकला गेला. आश्रयाच्या ओळी म्हणून दिलेले बिगरबीटी बियाणे अनेकांनी लावलेच नाही. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड ठेवली गेली, म्हणजे शेंदरी बोंडअळीला बारमाही घर मिळाले. २०१७ साली तिने महाराष्ट्रभर कहर केला.

यानंतर कृषिखात्याची पत्रके निघाली: फरदड घेऊ नका, वेळेत पऱ्हाट्या उपटा, कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर उपाय करा. पऱ्हाट्या उपटण्याचा हा सल्ला नवा वाटतो. मद्रास इलाख्याने १९१९ साली पिकांवरील कीड व रोगांसाठी कायदा केला आणि कोइमतूरकडच्या कंबोडिया कपाशीच्या पऱ्हाट्या ठराविक तारखेपूर्वी उपटणे त्याखाली सक्तीचे केले होते. शंभर वर्षांपूर्वीचे सरकारी कागद कोणी उघडून पाहिले असते, तर फरदडीचा धोका २००५ सालीच सांगता आला असता.

लातूरची गोगलगाय

लातूरची कथा सोयाबीनची. ज्वारी-तुरीच्या या जिल्ह्यात सोयाबीन आले आणि दोन दशकांत त्याने शिवार व्यापले. २००८च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनचा चाळणा केला. कोणालाच आधी सुगावा नव्हता. त्यातून पुढच्या वर्षी राज्याने कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी जाऊन किडी मोजायच्या, आकडे एकत्र करायचे आणि त्यावरून सल्ला मोबाइलवर पाठवायचा, अशी ही व्यवस्था. पुस्तिका छापून येईपर्यंत अळीचा कोष होतो. संदेश त्याच दिवशी पोहोचतो. हे चांगलेच झाले.

आणि तरीही २०२२च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवच्या सोयाबीनवर शंखी गोगलगायी चालून आल्या, तेव्हा शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. गोगलगाय हा कीटकच नव्हे. नेहमीची कीटकनाशके तिच्यापुढे निरुपयोगी. तज्ज्ञांचा सल्ला होता: संध्याकाळी व पहाटे हाताने वेचा, गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी साबणाच्या वा मिठाच्या पाण्यात बुडवा, बांधाला चुन्याचा पट्टा ओढा. गोळ्यांचे विषारी आमिष त्यानंतर. माहितीचे युग आले, पण सल्ला १९०६चाच होता. गावाने एकत्र येऊन वेचले तर उपयोग, एकट्याने वेचले तर शेजारच्या बांधावरून रात्रीत पुन्हा हजर. हे लिहिणे सोपे आहे. पन्नास घरांना एका संध्याकाळी शेतात आणणे अवघड. ते काम कागद करीत नाही, माणूस करतो.

वाचक कोठे गेला

२०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली. त्यांत शेतमजूर होते. बाटलीत कागद असणारच. तो वाचला गेला नाही, किंवा वाचता येण्यासारखा नव्हता, किंवा वाचूनही हातमोजे आणि मुखवटा कोठून आणावा हा प्रश्न उरत होता. बाटलीवर चौकोन असतो, त्यातला लाल त्रिकोण म्हणजे सर्वाधिक जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. ही खूण निरक्षरासाठीच योजली आहे. नांदेड-लातूरच्या किती शाळांत ती मुलांना शिकविली जाते? शाखांतून, सेवाकार्यांतून, महिला बचत गटांतून गावोगाव जाणाऱ्या कार्यकर्त्याने हे चार रंग एवढेच जरी सांगितले, तरी एखादे घर वाचेल. पंप पाठीवर घेणारा बहुधा मजूर असतो आणि कागद मालकाच्या खिशात असतो, हेही त्याने ध्यानात ठेवावे.

जुन्या प्रकाशनांचाही प्रश्न आहेच. कार्यालये नव्या इमारतीत जातात, तेव्हा जुने दप्तर रद्दीत जाते. लेफ्रॉयचा ग्रंथ आज वाचायचा तर तो परदेशी ग्रंथालयांनी संगणकावर घातलेल्या प्रतीत मिळतो. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'ची गतही हीच. वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. य. ल. नेने यांनी १९९४ साली कृषी-इतिहासासाठी संस्था काढली आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून त्या संस्कृत ग्रंथाची पोथी मिळवली. डॉ. नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यातला प्रत्येक उपाय खरा ठरेलच असे नाही. जुने म्हणून सारे ग्राह्य ही वृत्ती शास्त्राला मानवत नाही, आणि सुरपालालाही मानवली नसती. पण पारखायचे तर आधी हाती हवे. नांदेडच्या कापूस केंद्राची, परभणीच्या शेताची, जिल्हा कृषी कार्यालयांची जुनी पत्रके एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत गोळा करून त्यांची यादी केली, तरी रद्दीवाल्याच्या आधी कोणी पोहोचल्याचे समाधान मिळेल.

परभणीला दरवर्षी १८ मेच्या खरीप मेळाव्यात विद्यापीठाची प्रकाशने मिळतात, 'शेती भाती'चे अंक मिळतात, कृषी दैनंदिनी मिळते. दैनंदिनीत छापील शिफारशींबरोबर तारखांची कोरी पाने असतात. लातूरकडे येळवशीला सारे घर शेतात जाते, कोपीपुढे आंबील आणि भज्जी होते, शेजारी बोलावले जातात. तेव्हा हरभरा घाट्यांवर येऊ लागलेला असतो. जेवण झाल्यावर घरातल्या शिकत्या मुलाने वा मुलीने दोन ओळींतून फिरून घाटेअळ्या मोजाव्यात आणि त्या कोऱ्या पानावर तारखेसह आकडा लिहावा. पुढच्या येळवशीला त्याच पानाखाली दुसरा आकडा लिहिता येईल.